रिकाम्या गोठ्यातला बँड

आमचा ड्रमर पुण्याला गेला, त्या वर्षी आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं. दोन्ही गोष्टी मला एकत्रच आठवतात, कारण तो निरोप घ्यायला आला तेव्हा मी गच्चीवर टाकीपाशी बसले होते. पाणी सुटलं होतं, मोटर लावलेली होती, आणि टाकी भरून वाहायला लागली तर थेंबाथेंबाचा हिशेब मागणारे वडील खाली होते. तो जिन्यात उभा राहूनच म्हणाला की चाकणला नोकरी लागलीय, सोमवारी हजर व्हायचंय, ड्रम्स टेम्पोत चढवून आलोय.

मी वरूनच विचारलं, "आणि गाणी?"

"दुसरा कोणी बघा," तो म्हणाला, आणि गेला.

दुसरा कोणी नव्हता. मेटल वाजवणारे ड्रमर मला संभाजीनगरात दोनच माहीत होते, आणि दुसरा वर्षभर आधीच बेंगळुरूला गेला होता. मेटल म्हणजे काय, हे मला त्या काळात दर आठवड्याला कुणाला तरी समजावून सांगावं लागायचं. जाड, करकरीत आवाजाची गिटार, तिच्यासोबत वेगानं आदळणारे ड्रम्स, आणि पोटातून काढलेला, ओरडण्याच्या जवळ जाणारा गळा. ऐकणारा बहुतेक वेळा म्हणायचा, "म्हणजे नुसता गोंगाट?" मी म्हणायचे, हो, पण बसवलेला.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करायचे. आजोबांपर्यंत आमच्याकडे भिक्षुकी होती, वडिलांनी सरकारी कोषागारात कारकुनी केली, आणि मी पहिल्या पगारातून औरंगपुऱ्यातल्या दुकानातून इलेक्ट्रिक गिटार आणली. दुकानदारानं दोनदा विचारलं होतं की भाऊ वाजवणार का.

बँडमध्ये माझ्याशिवाय उरली ती फक्त गायिका. तिचं घर शहराला लागून असलेल्या पडेगावचं, शेतकरी कुटुंब, पण शेतात आता एकटा चुलताच राबायचा. बाकीचे नोकऱ्यांना लागले होते. ती स्वतः औरंगपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये रक्त काढायची. दिवसभर घाबरलेल्या माणसांशी हळू आवाजात बोलायची. मूठ आवळा, इकडं बघू नका, झालं बघा. आणि संध्याकाळी माइकसमोर उभी राहिली की तिच्यातून जो आवाज निघायचा, तो ऐकून पहिल्यांदा मी गिटार वाजवायची थांबले होते. हा आवाज कुठं शिकलीस, असं विचारल्यावर ती म्हणाली की लहानपणी ज्वारी राखायला शेतातल्या माळ्यावर बसवायचे. पाखरं हाकलायची असतील तर गळ्यातून ओरडून भागत नाही, दुपारपर्यंत घसा बसतो. हाळी पोटातून द्यावी लागते.

ड्रमर गेल्यावर आम्ही दोघी शहागंजात एका डीजेवाल्या भाईंकडे गेलो. ते चाळिशीचे, उंच, जरा पोक काढून चालणारे. लग्नं आणि मिरवणुकांसाठी त्यांची साउंड सिस्टिम होती आणि शहरातले सगळे वाजवणारे त्यांच्या ओळखीचे. एखादा ड्रमर सुचवाल का, एवढंच आम्हाला विचारायचं होतं. दुकानात शिरलो तर सगळे स्पीकर भिंतीला लावून वर ताडपत्री टाकलेली. भाई स्टुलावर बसून जुन्या लॅपटॉपवर काहीतरी कातरत होते. दुष्काळामुळे लग्नं देवळात पन्नास माणसांत उरकली जात होती आणि मिरवणुकांवरचा खर्च मंडळांनी पाण्याच्या टँकरकडं वळवला होता. चार महिने भाईंना काम नव्हतं.

त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की बँडवाले, बँजोवाले, सगळे पोरं आता कंपन्यांच्या गेटवर आहेत, वाजवणारा मिळणं कठीण. मग म्हणाले, "मी वाजवतो."

मी विचारलं, कशावर? त्यांनी लॅपटॉपकडं आणि शेजारच्या चौकोनी बटणांच्या डब्याकडं बोट केलं.

मी तिथल्या तिथं नाही म्हणाले. जरा उद्धटपणेच म्हणाले असेन. आमच्यासारख्या मेटलवाल्यांना डीजे म्हणजे खिडक्यांच्या काचा हलवणारा, डोकं नसलेला धपधपाट. आम्ही त्याच्या विरुद्धच वाजवतो असं मी मानत होते. भाई रागावले नाहीत. ते म्हणाले, "नक्को तर नक्को, ताई. पण तुमचं एखादं गाणं ठेवून जा. मोकळा बसलोय, ऐकतो तरी." गायिकेनं पर्समधून पेन ड्राइव्ह काढून दिला. मी तिच्याकडं डोळे वटारून बघितलं, ते तिनं बघितलंच नाही असं केलं.

चार दिवसांनी तिला त्यांचा फोन आला. मी जायला तयार नव्हते, तिनं मला लॅबमधून सुटल्यावर गाडीवर बसवून नेलं.

भाईंनी एकच स्पीकर उघडा केला होता. त्यांनी आमच्या गाण्यातला माझा मुख्य तुकडा, गिटारचे ते पाच जड सूर, कातरून वेगळा काढला होता आणि त्याच्याखाली एकसारखा ठोका लावला होता. छातीवर तळहात मारावा तसा, एका अंतरानं, न चुकता. वर एक बारीक आवाज फिरत होता. बोअर आटल्यावर पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागतो, तेव्हा पाइपातून जी शिट्टी येते, तसा. तो आवाज हळूहळू चढत गेला, ठोका दाट होत गेला, मग एकदम सगळं गप्प झालं, आणि त्या गप्प जागेत माझी गिटार एकटी कोसळली. तिच्या पाठोपाठ ठोका परत आला.

माझी गिटार इतकी मोठी मी कधी ऐकली नव्हती. आमचा ड्रमर चांगला होता, पण तो आणि मी नेहमी एकाच जागेसाठी भांडत असायचो. इथं ठोक्यानं खालची सगळी जागा घेतली होती आणि वरची मला मोकळी करून दिली होती.

भाईंनी स्पीकर बंद केला आणि विचारलं, "कसंय?"

गायिका माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणाले, परत लावा.

आता जागा हवी होती. शहागंजात दुकानांवर दुकानं, तिथं असला आवाज चालणार नव्हता. गायिकेच्या चुलत्यांचा पडेगावात, दौलताबाद रस्त्यापासून थोडा आत, पत्र्याचा गोठा होता. चारा मिळेना म्हणून त्यांनी दोन बैल आणि तीन म्हशी सरकारी चारा छावणीत नेऊन बांधल्या होत्या आणि स्वतःही तिकडंच राहत होते. गोठा रिकामा. गायिकेनं छावणीत जाऊन त्यांना विचारलं. ते म्हणाले, "वाजवा की. गव्हाणीला हात लावू नका मंजे झालं."

आम्ही गोठा झाडला. भिंतींना जुन्या गोधड्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकले. गव्हाणीवर फळी टाकून तिच्यावर भाईंनी मशीन मांडलं. मंगळवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी आम्ही तिथं जमायचो. एप्रिलमध्ये पत्रा असा तापायचा की गिटारच्या तारा दर पंधरा मिनिटांनी उतरायच्या. डोळ्यांत घाम जायचा. वीज कधी यायची, कधी नाही; आली तर दाब कमी, आणि दाब कमी झाला की भाईंचं मशीन बंद पडायचं. ते शांतपणे परत सुरू करायचे.

खरी अडचण वीज नव्हती. अडचण मी होते. पहिल्याच दिवशी कळलं की मला तालात वाजवता येत नाही. पाच वर्षं मी समजत होते की येतं. माणूस ड्रमर असतो तेव्हा तो तुम्हाला सांभाळून घेतो. तुम्ही पुढं पळालात की तोही पळतो, आणि ऐकणाऱ्याला ते जोशात वाजवल्यासारखं वाटतं. मशीन जागचं हलत नव्हतं. मी दर वेळी पाचव्या-सहाव्या आवर्तनाला त्याच्या पुढं निघून जायचे आणि एकटी पडायचे.

"याचा वेग थोडा वाढवा ना," मी भाईंना म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "वेग वाढवला तर तुम्ही अजून पुढं जाणार, ताई. मशीन कुणासाठी रुकत नाय. तुम्हालाच थांबायला शिकावं लागेल."

मला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी पाचला उठायला लागले. कंपनीची बस सव्वासातला यायची. तोपर्यंत कानाला हेडफोन लावून, नुसता ठोका ऐकत, त्याच्यावर एकच सूर वाजवायचा. गाणं नाही, तुकडा नाही, एक सूर. आईला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय, कारण गिटार जोडलेली नसायची आणि तिला ऐकू यायची ती फक्त तारेची टिकटिक. ज्या दिवशी पहाटे पाणी यायचं त्या दिवशी मी मोटर चालू करून टाकीशेजारी बसून वाजवायचे. पहिला महिना काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी जाणवलं की मी ठोक्याची वाट बघत नाहीये, तो येतो तिथं माझा हात आधीच पोचलेला आहे. ते जेमतेम एक मिनिट टिकलं. मग परत सुटलं. पण एक मिनिट टिकलं होतं.

पहिला कार्यक्रम पावसाळ्यात झाला. पावसाळा नावालाच होता. शहरातल्या एका सभागृहात दुपारी कॉलेजांच्या बँडची स्पर्धा होती आणि स्पर्धेबाहेर आम्हाला तीन गाणी वाजवायला दिली होती. समोर काळे टी-शर्ट घातलेली मुलं, आमच्यासारखीच मेटल ऐकणारी. त्यांतली बरीच मला ओळखत होती. मी गिटारची पहिली चाल वाजवली तेव्हा ती खूश होऊन पुढं आली. मग भाईंचा ठोका सुरू झाला.

कोणीतरी मागून ओरडलं, "वरात कुठंय?"

सभागृह हसलं. दोघा मुलांनी दातात रुमाल धरला आणि जमिनीवर गुडघे टेकून नागीण नाच सुरू केला. बाकीच्यांनी त्यांच्याभोवती गोल केला. माझे कान तापले आणि हात सुटला. मी ठोक्याच्या पुढं गेले, मग मागं पडले, मग मला तो सापडेचना. एक अख्खं कडवं मी गिटारवर हात ठेवून नुसती उभी राहिले. भाई मान खाली घालून मशीनशी बसले होते, वर बघत नव्हते. गायिका गात होती. त्या हसण्यावरून, त्या नाचावरून, माझ्या बंद पडलेल्या गिटारवरून तिनं ते गाणं शेवटपर्यंत ओढत नेलं आणि दुसरंही पुरं केलं. तिसऱ्याआधी आयोजकांनी पुरे म्हणून खूण केली.

सामान चढवून आम्ही टेम्पोनं परत निघालो. भाई चालवत होते, आम्ही दोघी स्पीकरला टेकून मागं बसलो होतो. मला रडायचं होतं, पण तिच्यासमोर लाज वाटत होती. ती गायली होती आणि मी थांबले होते. पडेगावला उतरताना तिनं ओढणी झटकली आणि मला विचारलं, "मंगळवारी येतीयेस ना?"

मी हो म्हणाले. मनातून माझं नक्की नव्हतं.

त्याच आठवड्यात कंपनीत साहेबांनी बोलावलं. चाकणच्या नव्या कारखान्यात डिझाइनची एक टीम बसवायची होती आणि माझं नाव गेलं होतं. हुद्दा वाढणार, घर कंपनी देणार. पंधरा दिवसांत सांग म्हणाले. मी घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी चष्मा काढून पुसला. ते खूश असले की तसं करायचे. नाथसागर धरणात किती पाणी उरलंय ते ते रोज सकाळी पेपरातून मोठ्यानं वाचायचे. त्यांच्या लेखी या शहरातून ज्याला निघता येईल त्यानं निघावं, हे उघड होतं. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "लक्ष्मी टिळा लावायला आली की तोंड धुवायला जाऊ नये."

मी पंधराही दिवस विचार केला. कोणाला सांगितलं नाही, गायिकेलाही नाही. चाकणला गेले तर काय होईल ते मला स्वच्छ दिसत होतं. काम मला आवडायचं, पुण्यात ड्रमर होते, बँड होते. पण दर वेळी मला ते एक कडवं आठवायचं, ज्यात मी नुसती उभी होते. गाव सोडायचं असेल तर ते वाजवून सोडेन, असं मला वाटायला लागलं. हे वडिलांना सांगण्यासारखं कारण नव्हतं. साहेबांना तर नव्हतंच. पंधराव्या दिवशी मी साहेबांना नाही म्हणाले. त्यांनी विचारलं, लग्न ठरलंय का? मी नाही म्हणाले, तर त्यांनी यादीतलं माझं नाव खोडलं.

वडील त्यानंतर कित्येक महिने माझ्याशी थेट बोलले नाहीत. "तिला सांग, दूध आलंय," असं आईला सांगायचे, मी समोर बसलेली असताना.

गोठ्यात आम्ही तीच तीन गाणी परत घेतली. भाई म्हणाले होते की नवी करू या, ही पडली. गायिकेनं ऐकलं नाही. तिचं म्हणणं, पडलेलं आधी उभं करायचं.

पडेगाव त्या दोन-तीन वर्षांत आमच्या डोळ्यांसमोर बदलत होतं. शेतात चुन्याच्या रेघा पडायच्या, मग दगड रोवले जायचे, मग एकेक घर उभं राहायचं. घरं झाली होती, नळ आले नव्हते. गोठ्यापासून पन्नास पावलांवर रविवारी दुपारी टँकर यायचा आणि नव्या वसाहतीतल्या बायका तासभर आधीपासून हंडे, ड्रम, बादल्या रांगेला लावून बाभळीच्या सावलीत बसायच्या. उकाड्यामुळे आम्ही दार उघडं ठेवायचो. त्यांना आमचं सगळं ऐकू जायचं. सुरुवातीला त्या कानावर पदर घ्यायच्या. पुढं पुढं सवय झाली असावी.

एका रविवारी टँकरला उशीर झाला होता. आम्ही दुसरं गाणं तीन वेळा वाजवून दमलो होतो. त्यांच्यातली एक साठीची बाई पाणी मागायला म्हणून दारात आली. आयुष्यभर तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती आणि आता ती मुलाच्या नव्या घरात राहत होती, हे नंतर कळलं. गायिकेनं माठातलं पाणी दिलं. ती प्यायली, पेला उपडा ठेवला आणि मला म्हणाली, "एक सांगू का बाई? राग नका धरू."

"सांगा ना," मी म्हणाले.

"तुमचं गानं लई जोरात ऱ्हातंय. पन पाय उचलावा म्हनलं की तुमी थांबता. परत सुरू करता, परत थांबता. आता आमी काय नाचनार हाय, व्हय? पन पायाला कळतंय की. तुमीच तोडता त्याला."

भाई हसले. ती गेल्यावर ते बराच वेळ बटणांवर बोट फिरवत राहिले. मला आधी वाईट वाटलं, मग राग आला. आमच्या गाण्यात दर आठ आवर्तनांनी चाल बदलायची, वेग बदलायचा. ते अवघड होतं आणि अवघड असल्याचा मला अभिमान होता. भाईंचा एकसारखा ठोका मी फक्त धृपदापुरता येऊ दिला होता. वरातीचा शिक्का बसू नये म्हणून मी त्याला गाण्याच्या दारातच उभं केलं होतं.

भाईंनी सुचवलं की ठोका पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू दे आणि बाकी सगळं त्याच्यावर बसवू. म्हणजे माझे निम्मे तुकडे जाणार होते. मधला एक लांब, वेगवान तुकडा, जो बसवायला मला चार महिने लागले होते, तो पहिला जाणार होता. मी चिडले. मी त्यांना म्हणाले की मग वरातच वाजवू, गिटार कशाला हवी. हे बोलायला नको होतं. चार महिने बिनकामाचे काढून तो माणूस दर मंगळवारी स्वतःचं पेट्रोल जाळून येत होता.

ते उठून बाहेर जाऊन आले. मग माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "ताई, मी वीस वर्षं लोकांना नाचवलं. नाचनाऱ्याला अक्कल नसते असं तुम्हाला वाटतं. त्याला पायानं ऐकू येतं, बस. तुम्ही कमी वाजवा, पण जे वाजवाल ते भिंत पडल्यासारखं वाजवा."

गायिका म्हणाली, "करून बघू. नाय जमलं तर तुझं परत घेऊ."

मी माफी मागितली नाही, तेवढं मन मोठं झालं नव्हतं. मी गिटार उचलली. तीच माझी माफी, हे त्यांना कळलं असावं.

त्या गाण्याला पुढचे पाच महिने लागले. लांब तुकडा गेला. त्याच्या जागी मी दोन सूर धरून ठेवायचे, नुसते धरून, आणि भाई खालून ठोका दाट करत आणायचे. पूर्वी पहिल्या ओळीपासून ओरडणारी गायिका आता जवळजवळ कुजबुजत सुरुवात करायची, लॅबमध्ये बोलते तशा आवाजात, आणि हाळी शेवटी द्यायची. तिनंच ते शोधलं. दोन सूर धरून ठेवणं हे वेगात वाजवण्यापेक्षा कठीण असतं. हात पळायला बघतो. त्याला धरून ठेवावं लागतं.

दुसरा कार्यक्रम आम्ही मागून घेतला. शहराच्या बाहेर, बीड बायपासकडं, एका नव्या वसाहतीच्या मैदानाचं उद्घाटन होतं. संध्याकाळी सहाला मुलांचे नाच, मग आम्ही. समोर खुर्च्यांवर आजी-आजोबा, बापांच्या खांद्यावर लेकरं, कुंपणाशी काळे टी-शर्टवाले पाच-सहा. आई वडिलांना घेऊन आली होती. ते शेवटच्या रांगेत, निघायला सोपं जावं अशा कडेच्या खुर्चीवर बसले होते.

पहिलं गाणं बरं झालं. लोकांनी बिचकत ऐकलं. दुसरं सुरू झालं, गायिका कुजबुजली, मी सूर धरले, ठोका दाट व्हायला लागला, पुढच्या रांगेतल्या दोन पोरी उठून उभ्या राहिल्या, आणि वीज गेली.

सगळं एकदम मेलं. स्टेजवर फक्त माझ्या तारांची बारीक कुरकुर उरली. भाई उडी मारून जनरेटरकडं धावले. मैदानात कुजबूज सुरू झाली, खुर्च्या सरकल्या. मागच्या वेळचं, सभागृहातलं हसू मला आधीच ऐकू यायला लागलं होतं. तेवढ्यात गायिका स्टेजच्या टोकाशी गेली. माइक बंद होता. तिनं तो खाली ठेवला, पाय फाकवून उभी राहिली आणि पोटातून आवाज काढला.

"बसा! जाऊ नका कोणी. लाइट येतीय. आम्ही पहिल्यापासून वाजवणार."

अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. उठलेली माणसं खरंच बसली. काही हसली, पण ते हसणं वेगळं होतं. जनरेटर चालू व्हायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं ती तिथंच उभी होती आणि मी तिच्या शेजारी.

मग आम्ही गाणं पहिल्यापासून वाजवलं. कुजबुज, सूर, दाट होत जाणारा ठोका, तो एक गप्प क्षण. आणि मग मी, तिचा गळा आणि भाईंचा ठोका, तिघं एकाच जागी पडलो. मी पळाले नाही. त्या दोन पोरी उड्या मारत होत्या, त्यांच्यामागं त्यांच्या आया, कुंपणाशी काळे टी-शर्टवाले माना आपटत होते आणि आपण वरातीच्या ठोक्यावर माना आपटतोय याची त्यांना फिकीर नव्हती. एक आजोबा खुर्चीवर बसूनच एका पायानं ठेका धरत होते. तिसरं गाणंही झालं. ते मला फारसं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "दुसऱ्या गाण्यात शेवटी एकदा चुकलीस."

कित्येक महिन्यांनी ते आईच्या मध्यस्थीशिवाय एवढं लांब वाक्य माझ्याशी बोलले होते. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं.

"मान हलली तुझी. इतका वेळ हलली नव्हती." मग म्हणाले, "आवाज फार होता. पण हललीस एकदाच."

पुढं आम्ही सहा गाण्यांचं रेकॉर्डिंग केलं. पुण्यात, नाशकात, नागपुरात वाजवलं. कुठं लोक नाचले, कुठं निघून गेले. नाव झालं असं काही म्हणता येणार नाही, पण मेटल आणि डीजे एकत्र वाजवणारी संभाजीनगरची तिघं, अशी ओळख काही लोकांत आहे. चाकणची जागा परत आली नाही. माझ्यानंतर लागलेली दोन माणसं माझ्या वर गेली. कधी कधी ते टोचतं, खोटं कशाला सांगू.

पाऊसपाणी सुधारलं तरी गोठ्यात जनावरं परतली नाहीत. गायिकेच्या काकांनी ती छावणीतूनच विकली होती. मग ती जमीनही प्लॉटमध्ये गेली. शेवटच्या दिवशी आम्ही गोधड्या उतरवत असताना काका आले आणि दगडावर बसून म्हणाले, "एकदा वाजवून दावा. म्या कधी ऐकलंच नाय." गोठ्यात वीज तोडलेली होती. गायिकेनं त्यांना तसंच गाऊन दाखवलं, मी न जोडलेल्या गिटारवर वाजवलं आणि भाईंनी गव्हाणीवर तळहातांनी ठोका दिला. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. झाल्यावर टोपी नीट केली आणि प्लॉटवाल्याला किल्ली द्यायला गेले.

आता आम्ही शहागंजात, भाईंच्या दुकानामागच्या गोदामात बसतो. वरच्या मजल्यावरचे टेलर दुपारी एक ते चार झोपायला घरी जातात, तेवढा वेळ आमचा. भाईंकडं लग्नांची गर्दी परत आलीय, गायिकेची लॅब तीन शाखांची झालीय आणि ती सगळं बघते, त्यामुळे आठवड्यातून एकच दिवस जमतं. मी अजून पहाटे एक सूर वाजवते. सातवं गाणं दीड वर्षापासून चालू आहे. गेल्या रविवारी त्याचं तिसरं कडवं बसलं. पहिलं अजून बसायचंय.